इतर

पायसांदूच्या सरकारी इस्पितळाचं तळघर.
वरती रोगी, खाली सर्व्हर,
आणि सर्व्हरशेजारी यामांदू आणि आसुसेना
तीन दिवस कप्पे पाडत बसलेले.
एकाच नळीतून आळीपाळीने कडू यर्बा ओढतात,
आणि फळ्यावर एक लिहितो, दुसरी पुसते.

जुन्या यादीत एकशे बारा कप्पे होते.
वर्षअखेरीस हिशेब निघाला:
सगळ्यात जास्त बिघडतो तो अडॅप्टर.
अडॅप्टर अक्षरक्रमाने पहिला होता, एवढंच.
घाईतली नर्स पहिल्यावर बोट ठेवते
आणि पळते.
वरच्यांनी मात्र दोनशे अडॅप्टर मागवले.
ते आले. खोक्यात आहेत.
आसुसेना त्याच खोक्यावर बसली आहे.

तर नव्याने.
हार्डवेअर. सॉफ्टवेअर. नेटवर्क. खाती आणि पासवर्ड.
चार भिंती उभ्या राहिल्या,
घर झालंसं वाटलं पंधरा मिनिटं.

मग वाल्किरिया, बाळंतपण विभाग:
"माझं ते चालत नाही. काल चालत होतं."

प्रिंटर कागद गिळतो. हार्डवेअर.
प्रिंटर तिसऱ्या मजल्यावर छापतो. नेटवर्क.
प्रिंटर माझ्या नावाने डॉक्टर बेंतांकोरांच्या चिठ्ठ्या छापतो.
"खाती," म्हणते आसुसेना.
"कारस्थान," म्हणतो यामांदू, आणि खरंच लिहितो,
मग पुसतो, बाहीनेच.

आसुसेना बारा वर्षं अपघात विभागाच्या दारात होती.
ती म्हणते, आपण काय मागतोय बघ:
रोग्याने आधी स्वतःचं निदान लिहावं,
मग आत यावं.
दारात मी कधी रोगाचं नाव विचारलं नाही.
कुठे दुखतंय, कधीपासून,
चालत आलात की आणलं कुणी.

कोणी, कशाने, कुठून, कोणाचं, कुठे:
आपल्या शाळेतला विभक्तीचा तक्ता
या दोघांनी कधी पाहिलेला नाही,
तरी फळ्यावर तो हळूहळू उमटतो आहे.
फक्त शेवटची ओळ राहिली, संबोधन,
जिला प्रश्न नसतो.
नुसतं "अहो".

संध्याकाळी ढिगातून चार हजार सतरा वर येते.
खिडकी क्रमांक तीन, वॉशिंग्टन, लिहितो:
एक गृहस्थ मे महिन्यात वारले.
त्यांना अजून निरोप जातो,
डोळे तपासायला या, उपाशी येऊ नका.
फोन आता बायकोकडे असतो.
ती दिलेल्या तारखेला येते,
आणि काय बोलावं ते तिलाही कळत नाही, मलाही.

पुढे या तक्रारीचा प्रवास.
टेलिफोनवाल्यांनी नोंदींकडे ढकलली,
नोंदीवाल्यांनी खात्यांकडे,
खात्यांनी सॉफ्टवेअरकडे, त्यांनी परत टेलिफोनकडे.
तळ्यात, मळ्यात, तळ्यात.
चौदा दिवस कोणी हललं नाही तेव्हा
यंत्राने स्वतःच शेरा मारला: सुटली.

यामांदू नळी बाजूला ठेवतो.
मृत्यूची तारीख एका तक्त्यात नीट भरलेली आहे.
निरोप पाठवणारा प्रोग्राम दुसराच तक्ता वाचतो.
दोन ओळी. वीस मिनिटं, त्यातली बारा
पासवर्ड आठवण्यात गेली.
तपासलं. पुढच्या मंगळवारचा निरोप
रांगेतून निघून गेला.
अशा आणखी एकशे नव्वद जणांचेही निघाले,
ज्यांच्याबद्दल कोणी तक्रारच केली नव्हती.

आता फॉर्म बंद करायचा तर कप्पा भरावा लागतो.
चौकट लाल होऊन अडून बसली आहे.
कर्सर लुकलुकतो.

"इतर लिही," खोक्यावरून आवाज येतो.

"इतर आपण सकाळीच काढून टाकला.
तूच म्हणालीस, तो आळशांचा कप्पा आहे."

"म्हणाले होते."

ती उठते. खोक्यावर तिच्या बसण्याचा खळगा पडलेला.
फळ्यावर जागा उरलेली नाही,
खाली कोपऱ्यात, खडू ठेवायच्या पट्टीला टेकून,
वाकून, मान तिरकी करून,
ती तो शब्द पुन्हा लिहिते.